वाचलेलं, फिरलेलं, सापडलेलं



या अंकाला कविता पाहिजे म्हणून संपादकांनी तीनदा निरोप धाडला. कविता नाही. दोन महिने रात्रपाळी लागली आहे, आणि रात्रपाळीत कविता येत नाही, झोप येते. पण डोक्यात बरंच काही साठलंय. काही वाचलेलं, काही हिंडताना बघितलेलं, काही घरातच सापडलेलं. ते देतो. ज्याला कविताच हवी त्यानं पान उलटावं. आपल्या अंकात कवितेचा दुष्काळ कधी पडला?

आधी वाचलेल्याचं. मी वाचतो हे कळल्यावर आमच्या एका साहेबानं मोठ्या प्रेमानं मला 'रिच डॅड पुअर डॅड' आणून दिलं. कियोसाकी नावाच्या अमेरिकन माणसाचं, १९९७ सालचं, मराठीत झालेलं. फुकट मिळालेलं पुस्तक मी टाकत नाही, सगळं वाचलं. त्यात तो म्हणतो की राहतं घर ही मालमत्ता नव्हेच, कारण ते खिशात पैसे टाकत नाही, काढून घेतं. हे मी मायला सांगितलं. माय चुलीपुढं होती. म्हणाली, "त्या बाप्याले म्हणा, पयले घराचा नमुना आठ आमच्या नावानं करून दे. मंग ते मालमत्ता हाये का नाई, आमी पाहून घेऊ." पुस्तक साहेबाला परत दिलं. आवडलं का म्हणून विचारलं त्यानं. मी म्हटलं, मायला आवडलं नाही.

वसंत मून यांचं 'वस्ती' मात्र दोनदा वाचलं. १९९५ चं पुस्तक आहे, पण आपल्या पोट्ट्यांपैकी किती जणांनी पाहिलं? 'बलुतं' म्हणा, 'उपरा' म्हणा, 'गोलपिठा' म्हणा, नावं तोंडपाठ आहेत. ती असलीच पाहिजेत. पण नागपूर आपल्या उशाशी आहे आणि नागपूरच्या वस्तीत काय घडलं ते आपण मुंबईच्या चष्म्यातून बघतो, हे काही बरोबर नाही. 'वस्ती'त गरिबी आहे, भूक आहे, पण रडगाणं नाही. आखाडे आहेत, समता सैनिक दल आहे. आमचा माणूस नुसता मार खाणारा नाही तर छाती काढून उभा राहणारा आहे. दलित आत्मकथनं वाचून डोळे पुसणारे पांढरपेशे वाचक या पुस्तकाकडं फारसे का वळले नाहीत, याचं कारण मला तरी हेच वाटतं. डोळे पुसायला जागाच कमी आहे त्यात.

दुसरी गोष्ट अशी की बाबासाहेबांचे इंग्रजी खंड संपादित करायला बसलेला माणूस हाच. १९७९ पासून महाराष्ट्र सरकारनं ते काढले. ते खंड आज आपल्यापैकी किती जणांच्या घरी आहेत? मध्यंतरी छपाईच इतकी रखडली की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खंड मिळत नाहीत, पण बाबासाहेबांच्या नावाची वाक्यं मात्र रोज पहाटे फोनवर येतात. मागं सूर्य, बाजूला निळं गुलाबाचं फूल, मधे वाक्य. मी एक सवय लावून घेतली आहे. वाक्य आलं की धाडणाऱ्याला विचारतो, कोणता खंड, कोणतं पान? आजवर एकानंही पान सांगितलं नाही. दोघांनी मला गटातून काढलं. दोस्तहो, ज्या माणसानं आयुष्यभर तळटिपा देऊन लिहिलं, त्याच्या नावावर बिनबापाची वाक्यं खपवणं ही भक्ती असेल, आंबेडकरवाद नव्हे.

त्यांचंच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं पुस्तक मी प्रवासात वाचलं आणि प्रवासातच वाचावं असं आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेलं, छापून निघालं १९९० साली. बरेचसे प्रसंग प्रवासाचे आणि मुक्कामाचे. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांकडं निघालेली ही पोरं मसूर स्टेशनवर उतरतात. गाडीवान दुप्पट भाडं घेतो आणि वर गाडी पोरांनाच हाकायला लावतो. जवळ जेवण आहे, पाणी नाही. रात्रभर पाणी नाही. पुढं बडोदा, तिथली पारश्यांची खाणावळ, काठ्या घेऊन आलेली माणसं. आणि १९२९ चं चाळीसगाव. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकणार नाही म्हणतो, टांगा मात्र भाड्यानं देतो. मग वस्तीतलाच एक माणूस, ज्यानं कधी टांगा हाकला नाही, तो लगाम धरतो. पुलावर चाक अडकतं, बाबासाहेब फरशीवर आपटतात, घोडा टांग्यासकट खाली नदीत. पाय मोडला. बॅरिस्टर होते ते. टांगेवाल्याला त्याचं काही नव्हतं.

मी हे धामणगावहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत वाचत होतो. आम्हा यवतमाळकडच्या माणसाला मोठी रेल्वे धरायची म्हणजे धामणगाव नाहीतर वर्धा. आमची स्वतःची गाडी होती ती शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अरुंद रुळांवरची. कापूस विलायतेला नेण्यासाठी विलायती कंपनीनं घातलेली. इंग्रज गेला तरी रूळ कंपनीचेच राहिले, ही गंमत फार कमी ठिकाणी घडली असेल. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं, मग डिझेलचं आलं, मग गाडीच बंद पडली. आजी सांगते, वेचणीच्या हंगामात बाया लाडखेडला, दारव्ह्याला या गाडीनं जायच्या आणि चढावर खाली उतरून गाडीच्या बाजूबाजूनं चालायच्या. तिकीट काढायचं कारणच काय मग? वर्ध्याकडून नवी रुंद लाईन येते आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. लोक म्हणतात विकास आला. येऊ दे. पण त्या वेगात उतरून बाजूनं चालता यायचं नाही, असं आजीचं मत पडलं.

तर धामणगावहून गाडीत बसलो. शेजारी एक गृहस्थ, स्टीलचा डबा मांडीवर. गोड माणूस. कुठले? यवतमाळजवळ लोहारा. काय करता? मिलमध्ये. वा वा. आडनाव? मी सांगितलं. गृहस्थांनी काही म्हटलं नाही. डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला, इतकंच. मी पुस्तकात बोट घालून बसलो होतो, चाळीसगावच्याच पानावर. मला त्या टांगेवाल्याबद्दल त्या क्षणी एक वेगळाच आदर वाटला. निदान त्यानं तोंडावर सांगितलं. याच्या डब्याशी भांडण कसं करावं? डबा कोणत्या मांडीवर ठेवावा याचा कायदा नाही.

सहा डिसेंबरच्या गाडीची गोष्ट निराळी. जे गेले आहेत त्यांना सांगायला नको. डब्यात पाय ठेवायला जागा नसते, संडासच्या दारात म्हाताऱ्या बसलेल्या, भाकरी-ठेचा या टोकाहून त्या टोकाला जातो आणि चोवीस तासांत एकही माणूस आडनाव विचारत नाही. विचारलं तर नातं काढायला विचारतो.

चैत्यभूमीला दर्शन झालं की माझी वाट ठरलेली, शिवाजी पार्कातली पुस्तकं. देशात कुठं एवढे फाटके लोक एका दिवसात एवढी पुस्तकं विकत घेत असतील असं मला वाटत नाही. 'आयदान' तिथंच घेतलं. बाईनं वीस रुपये कमी केले, का, तर माझी बोटं निळी बघून. "कायचं काम करता?" म्हणाली. सांगितलं.

पण या खेपेला मला इंदू मिल बघायची होती. बाकीचे लोक स्मारक बघायला जातात; मी गिरणी कामगार म्हणून गिरणी बघायला गेलो. दादरच्या समुद्रालगत बारा एकरांच्या आसपास जागा. इंडिया युनायटेड मिल नंबर ६. २०११ च्या सहा डिसेंबरला आपली माणसं आत घुसली, ठाण मांडून बसली, म्हणून ती जागा आज आपल्याला दिसते. ११ ऑक्टोबर २०१५ ला पायाभरणी झाली. आराखड्यात चौथरा शंभर फूट, त्यावर साडेतीनशे फुटांचा पुतळा. मी गेलो तेव्हा क्रेन उभ्या होत्या. बाबासाहेबांचा पुतळा किती उंच हवा यावर मी वाद घालणार नाही, तो वाद घालायला दुसरे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एवढंच, की एका कोपऱ्यात एक जुना माग ठेवा आणि काचेच्या पेटीत एक धोटा ठेवा. खाली पाटी लावा, की या लाकडाच्या तुकड्यानं आमच्या माणसाला विणाई खात्याच्या दाराबाहेर ठेवलं.

आपल्या नव्या मित्रांना हे ठाऊक नसेल, म्हणून नीट सांगतो. मी स्वतः विणाईत आहे, त्यामुळं हे मला पुस्तकापेक्षा हातानं जास्त कळतं.

कापडात उभा धागा असतो तो ताणा आणि आडवा तो बाणा. जुन्या मागावर बाणा धोट्यातून जायचा. धोटा म्हणजे होडीसारखं लाकूड, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की विणकरानं माग थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारक्या भोकातून बाहेर काढायचं. बोट जात नाही. वेळ नाही. मग काय, भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा, टोक ओठावर येतं. दिवसभर हेच. कापसाचा फुफाटा पोटात, खळ पोटात आणि आधीच्या पाळीतल्या माणसाची थुंकी पोटात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ सालीच तोंडानं धागा ओढायला कायद्यानं बंदी केली, क्षय पसरतो म्हणून. मुंबईत बंदी झाली ती आमच्यावर. जिथं अस्पृश्याचं तोंड लागणार तिथं आमचं तोंड लागणार नाही, असं स्पृश्य विणकरांचं म्हणणं. तिकडं थुंकीतून रोग जातो ही भीती, इकडं थुंकीतून जात जाते ही. म्हणून आमची माणसं रिंग खात्यात, जिथं मजुरी कमी. विणाईत चार पैसे जास्त, तिथं दार बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढं हा प्रश्न रोखठोक ठेवला. जगातले कामगार एक होणार होते, पण एका धोट्याला तोंड लावायला तयार नव्हते. आमच्या लाल मित्रांना हे सांगितलं की अजून त्यांचा चेहरा उतरतो. त्यांच्यावर माझा राग नाही, संपाला मी त्यांच्या बाजूनंच उभा राहीन. पण हे पान फाडून पुढं जाता येत नाही.

आणि विनोद बघा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जातीजमातींवर चार जाड ग्रंथ काढले. त्यात आमच्या इकडच्या महारांच्या धंद्यात काय लिहिलंय? जाडंभरडं कापड विणणं. म्हणजे वऱ्हाड-नागपुरात माग आमच्याच घरात होता. पणजोबा विणायचे असं आजी सांगते. त्यांच्या मागाचं एक लाकूड आमच्या घरी अजून आहे, दाराला अडसर म्हणून. पिढ्यान्पिढ्या विणणाऱ्या माणसाला गिरणीत गेल्यावर सांगतात की विणकाम तुझ्या तोंडाचं नाही.

आता माझा माग एअरजेट आहे. धोटा नाही, कांडी नाही. हवेचा झोत धागा पलीकडं फेकतो, मिनिटाला शेकडो वेळा. तोंड लावायचं कारणच संपलं. पहिल्या दिवशी मी त्या मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा मला खरंच वाटलं, की बाबासाहेबांनी हे बघायला पाहिजे होतं. कोणाची थुंकी नको, कोणाचा श्वास नको, नळीतली हवा सगळ्यांना सारखी. यंत्राला शिव्या देणारे कवी मला पटत नाहीत ते यासाठी. रानात, गावात, हातमागावर सगळं सुंदर होतं असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, तुझ्या हातात काय होतं आणि माझ्या हातात काय होतं?

पण जात धोट्यात राहत नव्हती, हेही त्याच मशीननं शिकवलं. धोटा गेला तरी तिला राहायला जागा मिळाली. कुठल्याही कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना उभं राहा. कार्ड कोणाच्या गळ्यात आहे आणि नाव नुसतं कंत्राटदाराच्या वहीत कोणाचं आहे ते बघा. रंगाचं सांडपाणी जिथं जमतं त्या टाकीत कोण उतरतं ते बघा. नाव विचारू नका. आडनाव विचारा.

रंगावरून आठवलं. डेनिमचा ताणा निळीत बुडवतात. कुंडातून सूत बाहेर येतं तेव्हा निळं नसतं, पिवळंहिरवं असतं. वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. नवीन पोरगा कामाला आला की मी त्याला हे आधी दाखवतो. याच्यावर कविता कर म्हणतात सगळे. करणार नाही. फार सोपी आहे ती कविता.

आता घरातलं. आमच्याकडं रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं त्याला वर्षं झाली. माणशी पाच किलो धान्य, अंगठा लावल्याशिवाय नाही. मायचा अंगठा मशीन ओळखत नाही. कापूस वेचून वेचून, बोंडाच्या कळ्यांनी ओरबाडून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या. तेल लाव, मीठ चोळ, पदरानं पूस, पुन्हा लाव. मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हे. चाळीस वर्षं कापूस वेचला त्याची एवढी एकच नोंद सरकारदरबारी झाली, की ही बाई ओळखू येत नाही.

एकदा माय आजारी, मी पाळीवर. म्हणून आजी गेली. आजीचं वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढं. दुकानदारानं मशीन पुढं केलं. आजी म्हणाली, "मी अंगठा देत नाई. मले सई येते." दुकानदार म्हणाला, आजी, आता सगळ्यांचाच अंगठा लागतो, कलेक्टरचासुद्धा. आजी म्हणाली, "कलेक्टर रेशनले येते का?" लोक हसले. पण आजी हसायला गेली नव्हती. "कागद काढ, सई घे," एवढंच पुन्हा पुन्हा. रांग खोळंबली, ओरड झाली. शेवटी पिशवी रिकामी घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी मी रात्रपाळी करून तसाच जाऊन अंगठा दिला. निळीच्या बोटाचा अंगठा मशीननं लगेच घेतला. घरात आजीला सगळे बोलले. मायही बोलली. पाच किलो महत्त्वाचं का सही महत्त्वाची? आजी गप.

मग एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधी घराला चुना मारायचा म्हणून सामान बाहेर काढलं. आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. त्यात एक गंजलेला अडकित्ता, बैलाच्या गळ्यातली एक घंटी (बैल आमच्याकडं कधीच नव्हता, मग ही घंटी कोणाची, ते आजीही सांगत नाही), आणि लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक वही.

चाळीस पानी वही. सरकारनं १९७८ च्या गांधी जयंतीपासून प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम काढला होता, त्यातला वर्ग आमच्या समाजमंदिरात रात्री भरायचा. कंदिलाच्या उजेडात. आजी तेव्हा तिशीत, पदरी तीन लेकरं, दिवसभर वेचणी. वहीत पहिल्या पानापासून एकच शब्द आहे. तिचं नाव. पहिल्या पानावर अक्षरं एकमेकांना ओळखत नाहीत, काना एकीकडं, वेलांटी भलतीकडं. पाचव्या-सहाव्या पानावर ओळीला लागतात. विसाव्या पानावर नाव आणि पुढं नवऱ्याचं नाव, आणि नवऱ्याचं नाव तिनं एका जागी खोडलंय, का कोण जाणे. सबंध वहीत मिळून नाव किती वेळा आहे ते मी मोजत होतो, मग सोडून दिलं.

शेवटच्या चार पानांवर नाव नाही. आकडे आहेत. १२, १४, ११, १५. आणि प्रत्येकाशेजारी दुसरा आकडा, त्याहून लहान. १०, १२, ९, १२. मी म्हटलं, आजी हे काय? ती चुना कालवत होती. हात न थांबवता म्हणाली, "येकाकडं मी स्वतः मोजलेला कापूस हाये. दुसरीकडं मालकानं धरलेला." मग? "मंग काय. वही दाखोली त्याले." मग? "मंग त्यानं मले त्या हंगामात पुन्हा बलावलं नाई. मी दुसऱ्या वावरात गेली. वही घेऊन गेली."

माझ्या घरात ही वही चाळीसच्या वर वर्षं होती. मी लेखक म्हणवून घेतो, अंकात कविता छापतो, आणि आमच्या घरातली पहिली लेखिका चुना कालवत होती. अंगठा सोडून सही शिकायला या बाईला एक मालक गमवावा लागला. आणि आता सरकार म्हणतं, सही नको, अंगठाच आण. मशीन वाईट असं मी म्हणत नाही. त्यानं आमचं धान्य मधे खाणारी खोटी नावं गेली असं म्हणतात, गेली असतील तर चांगलंच. पण मशीनला सही कळत नसेल तर तो मशीनचा अडाणीपणा आहे, आजीचा नाही. रेशनच्या दुकानात म्हातारीला अंगठ्याखेरीज दुसरा मार्ग द्या, असा अर्ज मी तहसीलदाराच्या नावानं लिहिला आहे. खाली सही आजीची घेतली. तिनं ती करायला पाच मिनिटं लावली आणि मला म्हणाली, तुझ्या सईचं एक अक्षर वाचता येत नाई.

त्याच फडक्यात दोन कागद होते, सायक्लोस्टाईल केलेले. लाँग मार्चचे. आजोबा गेले होते. ११ नोव्हेंबर १९७९ आणि दीक्षाभूमी एवढंच आता वाचता येतं, बाकी शाई पसरून कागदात मुरली आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८ मध्ये केला आणि ते नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती घरं जळली, ते या दोन कागदांत नाही. पण कागद आहेत. आजोबा नाहीत.

यावरून आपल्या अंकातल्या वादाबद्दल बोलतो. काही मित्रांचं म्हणणं, हे भंगारातून आणलेलं मशीन, ही स्टेन्सिल, ही शाई, हे काळे हात कशाला? पीडीएफ करा, फोनवर सोडा, एका मिनिटात दुबईतल्या पोराला पोचतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. स्टेन्सिल मिळायला मारामार होते. टाइप करताना एक अक्षर चुकलं तर लाल औषध लावून फुंकत बसावं लागतं, आणि दोन-तीनशे प्रती झाल्या की मेणाचा कागद फाटायला लागतो. मागच्या अंकात माझ्याच कवितेत 'माणूस'चा 'माण' झाला होता आणि चार जणांनी ती प्रतिमा म्हणून वाखाणली.

फोनवर बोलून टाइप करायची सोय मी वापरून पाहिली. भारी आहे. पाळीवरून येताना रस्त्यात बोलत बोलत दोन पानं होतात. पण मी 'मले' म्हटलं की ते 'मला' लिहितं. 'काहून' म्हटलं की कुठली तरी 'काहणी' करतं. आजीचं वरचं बोलणं मी त्याला तीनदा ऐकवलं, त्यानं तीनदा शुद्ध करून दिलं. मशीन सदाशिव पेठेत शिकलेलं दिसतं. म्हणून आजीचं बोलणं मला हातानंच लिहावं लागलं.

माझं मत असं की पीडीएफही करा, पण स्टेन्सिल सोडू नका. २०१६ मध्ये घेतलेल्या माझ्या पहिल्या फोनात आमच्या वस्तीच्या मिरवणुकीचे सगळे फोटो होते. फोन मेला, फोटो गेले. आणि हे दोन कागद पत्र्याच्या पेटीत चाळीस उन्हाळे काढून बसले. शिवाय अंक हातात दिला की माणूस खिशात हात घालून विचारतो, किती द्यायचे? फोनवर अजून एकानंही विचारलेलं नाही. कागदाचे पैसे कुठून आणायचे हे पुढच्या बैठकीत ठरवू. माझे दोनशे धरा.

'वस्ती' आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ज्याला पाहिजे त्यानं रविवारी दुपारनंतर घरी यावं, सकाळी मी झोपलेला असतो. पानं दुमडू नयेत. 'आयदान' सध्या दारव्ह्याला गेलंय, परत आलं की निरोप देतो. बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' मात्र कोणी मागू नका. ते मी मायला आणि आजीला रोज दोन पानं वाचून दाखवतो. बेबीताईंनी ते लिहून वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं, हे सांगितल्यापासून आजी त्या वहीला पेटीत नाही, उशाशी ठेवते. वाचन पुढं सरकत नाही, कारण चार ओळी झाल्या की दोघींपैकी एक म्हणते, थांब, आमच्याकडं तसं नोयतं, आयक.